फ्रीजरमधला डबा बाहेर आला की...

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगा सुट्टी संपवून बेंगळूरला निघाला होता. नोकरीचे पहिले वर्ष, खोलीवर तिघे मित्र आणि स्वयंपाकाच्या नावाने आनंद! कुठलीही आई करील तेच मी केले. मटणाचा रस्सा, डाळ, मसालेभात असे डबे दोन दिवस आधी करून फ्रीजरमध्ये दगडासारखे गोठवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रीच्या बसने त्याच्याबरोबर दिले. सोमवारी सकाळी त्याने ते तिकडच्या फ्रीजमध्ये ठेवले. आठवडाभराची सोय झाली म्हणून मीही निश्चिंत झाले.

शुक्रवारी रात्री त्याच्या मित्राचा फोन आला. उलट्या, जुलाब, दवाखान्यात सलाईन. तीन दिवसांनी तो सावरला. काय काय खाल्ले ते डॉक्टरांनी विचारले आणि डब्यांची हकिगत ऐकून ‘तेच असावे’ म्हणाले. त्याचे एक वाक्य मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. ‘आई, वास तर चांगला येत होता गं!’

घरी हे सांगितले तेव्हा सासूबाईंनाही पटेना. त्यांचे माहेर धारवाडकडचे. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी असतात, ‘तंगळ’ आणि ‘हळसिद’. तंगळ म्हणजे आपले शिळे, कालचे. त्याला सकाळी वग्गरणी दिली की नाश्ता तयार. हळसिद म्हणजे विटलेले, ते थेट म्हशीच्या घमेल्यात. दोन्हींतला फरक ओळखायचा तो नाकाने. पण ज्याला वास नाही, बुरशी नाही, चवही बरी आहे आणि तरीही जे पोटाला बाधेल, अशा अन्नासाठी वेगळा शब्द मला ना मराठीत सापडला, ना कन्नडमध्ये. आणि मी मराठी शिकवते!

शेवटी आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना स्टाफरूममध्ये गाठले. त्या म्हणाल्या, ‘अन्नाला वास आणणारे जीवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. त्यामुळे नाकावर भरवसा ठेवू नका.’ मग त्यांनी सगळा हिशेब समजावून दिला. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

उणे 18 अंश सेल्सिअसला जीवाणूंची वाढ थांबते. ते झोपतात, पण सगळे मरत नाहीत. म्हणजे डब्याचे वय फ्रीजरमध्ये वाढत नाही, पण कमीही होत नाही. बर्फ सुटू लागला की ते जिथे थांबले होते तिथून पुढे मोजायचे. 5 ते 60 अंश ही जीवाणूंना मानवणारी पट्टी. त्यातही उबदार जागा मिळाली तर काही जाती दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एकाचे सात तासांत वीस लाख! आमचा डबा रात्रभर बसमध्ये होता. मधला गोळा गार असला तरी कडेचा रस्सा केव्हाच सुटला असणार. आम्ही दिवस मोजले ते सोमवार सकाळपासून. खरे म्हणजे हिशेब आदल्या रात्री बसमध्येच सुरू झाला होता.

‘पण तो उकळून खात होता ना,’ मी म्हटले. त्यावर मॅडमनी भाताचे उदाहरण दिले. ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जीवाणूचे बीजाणू भात शिजतानाही टिकतात. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्यातले एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. जीवाणू मेले तरी त्यांचे विष मागे उरते.

मग फ्रीजमध्ये सुटलेला शिजवलेला डबा किती दिवस चालतो? अमेरिकेचे कृषी खाते 3 ते 4 दिवस सांगते. ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था मात्र 24 तासांत संपवा म्हणते. दोन्हीकडे गृहीत एकच, डबा फ्रीजमध्येच सुटला पाहिजे आणि फ्रीज 5 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली हवा. आपल्याकडे फ्रीजचे दार दिवसातून पन्नास वेळा उघडते आणि वीजही अधूनमधून जाते. म्हणून आमच्या घरी मी 24 तासांचाच नियम केला आहे. आज रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवलेला डबा उद्याच्या जेवणात संपवायचा. घरात वृद्ध, लहान मूल, गरोदर बाई किंवा मधुमेही असेल तर यात सवलत नाही. लिस्टेरिया नावाचा जीवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि नेमका अशांनाच जास्त त्रास देतो.

आणखी काही गोष्टी मैत्रिणींनी लक्षात ठेवाव्यात. डबा ओट्यावर रात्रभर ठेवून बर्फ सोडवू नये. घाई असेल तर मायक्रोवेव्ह वापरा किंवा घट्ट झाकणाचा डबा गार पाण्यात ठेवा, पण मग तो लगेच गरम करून खा. गरम करताना कडेला बुडबुडे आले म्हणून थांबू नका. ढवळून मधोमध उकळी फुटू द्या. एकदा गरम केलेले पुन्हा पुन्हा गरम करू नका. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको आणि आपल्या उन्हाळ्यात, 32 अंशांच्या वर, एका तासापेक्षा जास्त नको. मोठे पातेले तसेच निवत ठेवण्यापेक्षा लहान, पसरट डब्यांत काढून ठेवा. एका डब्यात एका जेवणापुरतेच भरले की उरण्याचा प्रश्नच येत नाही. कच्ची कोंबडी किंवा मासळी फ्रीजमध्ये सुटली की एक-दोन दिवसांत शिजवायलाच हवी.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो. भरलेला स्वतंत्र फ्रीजर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो. लहान फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला मात्र हा हिशेब लावू नये. गणपतीला गावी जाताना वाटीभर पाणी गोठवून बर्फावर एक नाणे ठेवून जा. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजा. तेव्हा तो डबा उघडून वास बघत बसू नका, टाकून द्या.

टाकून द्या, हे लिहिताना माझाही हात अडखळतो. अन्न टाकू नये हा संस्कार आपल्या दोन्ही भाषांत सारखाच आहे. पण सासूबाईंच्या आईने प्रवासाला काय बांधून दिले असते ते आठवा. कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणचे. पाण्याचा अंश कमी, नाहीतर मीठ-तेल भरपूर. म्हणून ते टिकायचे. त्यांचे नाक चुकत नव्हते, त्यांचे पदार्थच वेगळे होते. रस्सा गोठवून पाचशे किलोमीटर पाठवायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

आता मुलगा निघतो तेव्हा पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीची बरणी असते. रस्सा एकच डबा, तोही बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या पेटीत. झाकणावर पट्टी चिकटवून मी लिहिते: ‘बर्फ शिल्लक असेल तर फ्रीजरमध्ये. सुटला पण गारेगार असेल तर आजच संपव. कोमट असेल तर टाक. आईला वाईट वाटणार नाही.’

शेवटचे वाक्य सासूबाईंनी लिहायला सांगितले.