वजन उतरवा, पण जपून!

सरळ रस्ता, दोन गाड्या आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर. अमेरिकेतली ड्रॅग शर्यत ती एवढीच! निकाल सेकंदाच्या बारीक हिश्शांवर लागतो. म्हणून ओझी वाहण्यासाठी जन्मलेला पिकअप ट्रकही इथे उतरताना आधी स्वतःचे ओझे कमी करतो. ४५ किलो घटवले की साधारण ०.१ सेकंद वाचतो, असा तिथल्या हौशी मंडळींचा ठोकताळा आहे.

स्टेपनी, जॅक, शेजारची सीट आधी निघते. पत्र्याच्या बॉनेटजागी फायबरग्लासचे येते. टाकीत २० लिटर पेट्रोल कमी भरले तरी १५ किलो वाचलेच. ब्रेकला मात्र कोणी शहाणा हात लावत नाही. गाडी थांबवायचीही असते ना!

खरी मेख वेगळीच आहे. पिकअपचे इंजिन पुढे, हौदा रिकामा आणि गाडी ढकलणारी चाके मागची. त्यांच्यावरचा भार घटला, तर ती जागच्या जागी गरगरत राहतात. म्हणून जाणकार वजन पुढून काढतात आणि बॅटरीसुद्धा उचलून मागे हौद्यात बसवतात.

याचाही अतिरेक होतो. १९६५च्या सुमारास डॉजच्या ‘लिटल रेड वॅगन’ या पिकअपमध्ये ७ लिटरचे इंजिन केबिनच्या मागे बसवले गेले. सुटताक्षणी गाडी घोड्यासारखी मागच्या चाकांवर उभी! शर्यत राहिली बाजूला. चालक बिल गोल्डन यांनी पुढे कित्येक वर्षे तिचा हाच खेळ प्रेक्षकांना दाखवला.