विश्लेषण : ‘नमुना ८’ पाहून घर घेतले, तर मालकी मिळते का?

इंझोरीसारख्या (ता. मानोरा, जि. वाशीम) गावात घराचा सौदा ठरताना समोर ठेवला जातो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. बहुतेकांना तोच मालकीचा कागद वाटतो. प्रत्यक्षात ती करआकारणीची नोंद. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच ती सांगते. तिथे एकट्या भावाचे नाव असले, म्हणून वडिलोपार्जित घरातला बहिणींचा हिस्सा संपत नाही. खरेदीनंतरचे अनेक दावे इथूनच उभे राहतात.

खरेदीखताची नोंदणी झाली, म्हणजे मालकी तपासली गेली?

नाही. नोंदणी दस्ताची होते. विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार १९०८चा नोंदणी कायदा निबंधकाला देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतील प्रकरणात स्पष्ट केले.

विक्रेत्याने दोष लपवला तर?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम ५५ नुसार घरातील किंवा मालकीतील मोठा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. न सांगणे ही फसवणूक ठरते. मेख पुढेच आहे. साधी काळजी घेतली असती तर खरेदीदाराला कळला असता, असा दोष यात मोडत नाही. त्यामुळे ‘मी कागद पाहिलेच नाहीत’ हा बचाव लंगडा पडतो.

मग पाहायचे काय?

‘स्वामित्व’ योजनेत (२०२०) ड्रोन मोजणी झालेल्या गावठाणात मिळकत पत्रिका मिळते. ती आधी मागावी. जुने दस्त नोंदणी विभागाच्या ‘ई-सर्च’वर शोधता येतात. खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. तोंडी वाटणी किंवा सामाईक भिंतीचा वाद मात्र कुठल्याच संकेतस्थळावर दिसत नाही. तो शेजाऱ्यांनाच विचारावा लागतो, तोही इसार देण्याआधी.