राखीव क्षेत्रातला पाय



मे महिना निम्मा सरला की आमच्या भिवंडी तालुक्यात माणसाला एका हाताने दोन कामे करावी लागतात. एकीकडे राब भाजून झाले का, बांध लिंपले का, बियाणे आणले का, याची घाई; आणि दुसरीकडे कबड्डीचे राहिलेले सामने पाऊस दारात यायच्या आत उरकायची घाई. भात झोडून झाले की कुणाचे तरी मोकळे शेत मंडळाची पोरे मागून घेतात. भाताचे बुडखे खणून काढायचे, ढेकळे फोडायची, माती चाळून पसरायची, पाणी मारून चोपायची, वर रूळ फिरवायचा, की झाले मैदान. तिथे मेअखेरपर्यंत सामने चालतात आणि जूनमध्ये त्याच मैदानावर नांगर फिरतो. हंगाम संपतो तो असा, चिखलात.

सामने संपतात म्हणजे खेळ संपतो. वाद संपत नाहीत. उलट अंतिम सामना झाला की त्यांना खरा रंग चढतो. कुणाचा संघ मोठा, कोण बाद होता, पंच कुणाचा पाहुणा होता, हे पारावर, टपरीवर, रिक्षात, आणि आता हातातल्या मोबाईलवरही, गणपतीपर्यंत पुरते. मलाही या वादांची हौस आहे, खोटे कशाला सांगू? पण गेल्या वर्षी असल्याच एका वादाने माझ्या घरचे भाताचे रोप वयात गेले. ती हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे.

आमचे गाव आणि ओहोळापलीकडचे गाव यांच्यात कबड्डीचे जुने वैर. वैर म्हणजे मैदानातले. एरवी सोयरीक आहे, सावड आहे, एकमेकांच्या मयताला खांदा आहे. माझी धाकटी बहीण तिकडेच दिलेली. मेव्हणे त्या गावचे जुने नामांकित कोपरारक्षक. आता गुडघे धरले तरी सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला मांडी घालून बसतात आणि पोरांना ओरडून सांगतात.

गेल्या मे महिन्यात अंतिम सामना या दोन गावांतच पडला. रात्रीची वेळ, दिव्यांचा झगझगाट, माणसांची ही गर्दी. शेवटचे अर्धे मिनिट उरले तेव्हा गुणफलकावर त्यांचे २६ आणि आमचे २५. चढाई आमची, आणि तीही तिसरी. म्हणजे आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. आता गुण आणला नाही तर गडी बाद. आमचा पोरगा उजव्या कोपऱ्यावर गेला. कोपऱ्याने हूल दिली, पोरगा मागे सरकला आणि त्याचा डावा पाय बाजूच्या राखीव क्षेत्रात पडला. त्याच क्षणी त्यांचे तिघे त्याच्यावर झेपावले आणि चौघेही राखीव क्षेत्रात आडवे झाले. धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा जिथे चुन्याची रेषा होती तिथे चौघांच्या अंगांनी पुसलेली नुसती माती होती.

ज्यांच्या घरी कबड्डी पाहतात पण नियमात कुणी शिरत नाही, अशांसाठी, विशेषतः मायबहिणींसाठी, थोडे सांगतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्या रुंदीतली दोन्ही बाजूंची एकेक मीटरची पट्टी म्हणजे राखीव क्षेत्र. चढाई करणाऱ्याने कुणाला शिवले किंवा त्याला कुणी धरले, म्हणजे झटापट सुरू झाली, की ही पट्टी मैदानात धरली जाते. त्याआधी ती बाहेरची. शिवाशिव झाली नसताना चढाई करणाऱ्याचा पाय तिथे पडला तर तो बाद. इथवर कुणाचे भांडण नाही. भांडण पुढे आहे. त्याच्या मागोमाग बचाव करणारे गडीही शिवाशिवीआधीच त्या पट्टीत शिरले तर त्यांचे काय? जुना नियम म्हणतो, तेही बाद. प्रो कबड्डी लीगमध्ये चालतो तो नवा नियम म्हणतो, चढाई करणारा बाद झाला तिथेच चढाई संपली; मागून आलेले बाद नाहीत.

आता आमच्या सामन्याचा हिशेब करा. नव्या नियमाने त्यांना एक गुण. २७-२५, सामना त्यांचा. जुन्या नियमाने त्यांना एक आणि आम्हांला तीन. २८-२७, सामना आमचा. एवढासा पाय आणि एवढा मोठा फरक!

पंचांनी शिट्टी मारून आमचा गडी बाद दिला. सरपंचांनी तेच कायम केले. (हे सरपंच ग्रामपंचायतीचे नव्हेत, कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. पण शिव्या दोघांनाही सारख्याच बसतात.) झाले! आमची माणसे मैदानात घुसली. निम्मे ओरडत होते, "त्यांचे तिघे भायेर आले, तिघे बाद!" आणि निम्मे ओरडत होते, "आमच्या पोराने आधी गुडघ्याला हात लावलाय, तो बाद नाय!" दुसरे ओरडणारे पहिल्यांचाच गळा कापत होते, हे कुणाच्या ध्यानात येईना. कारण गुडघ्याला हात लागला असेल तर झटापट सुरू झाली, राखीव क्षेत्र खुले झाले, तिघांनी केलेली पकड चोख ठरली आणि सामना त्यांचाच. मी हे आमच्या एका जाणत्या माणसाला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "तू बहिणीच्या गावचा झालास काय रे?"

पलीकडची माणसेही काही कमी नव्हती. त्यांनी ढोल वाजवत ओहोळ ओलांडला आणि आमच्या वेशीपाशी मुद्दाम जास्त वेळ वाजवला.

मग सुरू झाले चित्रफितीचे पुराण. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून आमच्या पोरांनी मोबाईलवर टिपलेले चित्र सगळ्यांना धाडले. ते टिपले होते नेमके समोरच्या कोपऱ्यातून, त्यात दिसते ते एका माणसाचे डोके आणि मागे चार पाय. ते पाय कुणाचे, हे त्यांच्या आयांनाही सांगता येणार नाही. तेच चित्र पाहून आमचे गाव म्हणते तिघे बाद, आणि तेच पाहून ते गाव म्हणते एकच बाद.

तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या मातीवरचे सामने, तिथे असे चालायचेच. तर ऐका. २०२३ सालच्या ऑक्टोबरच्या ७ तारखेला चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई खेळांचा पुरुषांचा अंतिम सामना झाला, भारत आणि इराण यांचा. तिथे चुना नाही, माती नाही. चटई, कॅमेरे, देशोदेशींचे पंच. शेवटचे मिनिट राहिले असताना दोन्ही बाजू २८-२८. तिसरी चढाई होती आणि गेला भारताचा कर्णधार पवन सेहरावत. कुणालाही न शिवता त्याचा पाय राखीव क्षेत्रात पडला आणि इराणचे गडी त्याच्या मागोमाग आले. हुबेहूब आमच्यासारखेच! मग जुना नियम की नवा, यावर पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. कधी हे खेळाडू निषेध करत बसले, कधी ते. जवळजवळ तासभर खेळ बंद राहिला. शेवटी निकाल भारताच्या बाजूने लागला आणि भारताने ३३-२९ असे सोने घेतले.

१९९० साली बीजिंगला कबड्डी प्रथम आशियाई खेळांत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत सातही वेळा पुरुषांचे सोने आपलेच होते. २०१८ साली जकार्ताला इराणने आपल्याला उपान्त्य सामन्यात हरवले आणि ती परंपरा मोडली. म्हणून हांगझोऊचा तो पाय दोन्ही देशांना एवढा झोंबला. त्याच दिवशी आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून सोने मिळवले होते आणि ते त्या खेळांतले भारताचे शंभरावे पदक ठरले. पण पारावर मात्र पवनच्या पायाचीच चर्चा. मुलींनी एका गुणाने जिंकले, त्याबद्दल आमच्याकडे कुणी दोन शब्द बोलले असतील तर मला माहीत नाही. माझ्या बहिणीने तेवढे विचारले होते, "पोरींचा सामना बघितलास का?" मी बघितला नव्हता.

कुस्तीतही हेच. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून केवढा गोंधळ झाला, तो तुम्ही पाहिला असेल. एका मल्लाने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. खांदा टेकला होता की नव्हता, यावर माणसे अजून भांडतात. लाथेबद्दल मात्र दुमत नाही.

असो. आमच्याकडे लाथ कुणी मारली नाही, पण जे झाले ते लाथेपेक्षा महाग पडले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, रोप टाकले, ते उगवून तरारून आले. आमची आवणी दरवर्षी सावडीवर होते. दोन दिवस त्या गावची माणसे आमच्याकडे, दोन दिवस आमची तिकडे. रोजाने माणूस आणायचा म्हटला तर आता मिळत नाही. नाशिक रस्त्याकडेने गोदामे उभी राहिली, तिथे सावलीत बारमाही काम आहे. चिखलात दिवसभर वाकायला कोण येणार? आणि आलाच तर त्याचा रोज देऊन आमच्यासारख्या दीड-दोन एकरवाल्याच्या हाती पेंढाच उरायचा.

जुलै लागला तरी पलीकडून कुणी आले नाही. आमच्यातूनही बोलवायला कुणी गेले नाही. "आम्ही का म्हणून जायचे?" हा दोन्हीकडचा एकच प्रश्न. मी हळवे भात लावतो. हळव्याचे रोप तीन आठवड्यांचे झाले की काढले पाहिजे. त्यापुढे ते मुठीत वाढते, कांडे धरते, आणि मग लावले तरी फुटवे कमी येतात. हे मला ठाऊक होते. पस्तिसाव्या दिवशीही मी बांधावर उभा राहून ओहोळाकडे बघत होतो. जाऊन एक हाक मारायची तर पाय उचलेना. माझ्याही मनात ते तिघे अजून बाद होते ना!

छत्तिसाव्या दिवशी सकाळी बहीण आली. डोक्यावर इरले, पदर खोचलेला, बरोबर तिच्या गावच्या तिघीजणी. गडीमाणूस एकही नाही. माझ्याशी बोलली नाही, बायकोला म्हणाली, "वहिनी, रोप काढायला घ्या." चारच माणसे पाहून आमच्या आळीतल्या बायकाही निघाल्या. पुरुषांनी दुपारपर्यंत दम काढला, मग एकेक जण चिखल करायला उतरला. अडीच दिवस लागले. सामन्याचा विषय तिने एकदाही काढला नाही. फक्त निघताना पेंढी टाकत म्हणाली, "दादा, तुमचे तिघे बाद देऊन टाकते मी. आता आमची आवण कधी सांग."

आम्ही गेलो. दोन दिवस उशिरा का होईना, गेलो. पण माझ्या शेतात त्या साली खंडीच्या हिशेबाने जे यायचे ते आले नाही. लोंब्या आखूड, फुटवे मोजके. रोप थकलेले होते, दोष दुसरा कुणाचा?

आता यंदाचे सांगतो. या हंगामाच्या आधी दोन्ही गावच्या मंडळांची बैठक झाली. बरीच हमरीतुमरी झाल्यावर ठरले ते असे. राखीव क्षेत्राचा कोणता नियम लावायचा, हे पहिल्या सामन्याआधी दोन्ही कर्णधारांसमोर वाचायचे आणि कागद खांबाला लावायचा. पंच तिसऱ्या गावचे. तक्रार करायची तर फक्त कर्णधाराने. नियम जुना की नवा, यावर मते घेतली तेव्हा नवा ठरला. मी जुन्याच्या बाजूने होतो. माझे म्हणणे अजूनही असे आहे की बचाव करणाऱ्यालाही आपल्या पायाचे भान हवे. चढाई करणारा चुकला म्हणून तिघांनी रेषा ओलांडून झोंबायचे, हे मला पटत नाही. तुमच्या गावी कोणता नियम चालतो, ते कळवा.

अंतिम सामना या रविवारी आहे आणि पुन्हा तीच दोन गावे आहेत. काल संध्याकाळी मेव्हणे आमच्याकडे रूळ मागायला आले. मी रूळ दिला आणि मैदानापर्यंत ढकलायला त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी काथ्याची दोरी दोन्ही टोकांना खुंटीला ताणून बांधली, तिच्यावरून चुना सोडत राखीव क्षेत्राची रेषा आखली, आणि मग गुडघ्यांवर हात टेकत मागे येऊन तीच रेषा पुन्हा एकदा गिरवली. बहिणीने चहा पाठवला होता. तो पीत आम्ही कडेला बसलो. अर्धा कप झाला असेल नसेल, मेव्हणे म्हणाले, "पण भावोजी, खरे सांगा, गुडघ्याला हात लागला होता ना?"

मी म्हटले, "नव्हता."

"लागला होता," ते म्हणाले, आणि पायजमा वर करून स्वतःच्या गुडघ्यावर मला जागा दाखवू लागले.