बर्फ नसलेला ल्यूज

लहानपणी गिरीजला आम्ही पोरं नारळाच्या झावळीवर बसायचो आणि दुसऱ्याने ती ओढायची. वळणावर हमखास पडायचो, गुडघे फुटायचे. २०१८ साली कॉलेजात असताना टीव्हीवर ल्यूज पाहिला, तेव्हा आधी ती झावळीच आठवली :-)

फरक एवढाच, की ल्यूजमध्ये पाय पुढे करून उताणं झोपायचं आणि बर्फाच्या उतारावरून ताशी १३० किमीने सुटायचं. ब्रेक नाही. पोटऱ्या आणि खांदे दाबून वळायचं. निकाल लागतो सेकंदाच्या हजाराव्या भागावर.

मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन १९९८ साली नागानोला ऑलिम्पिकमध्ये उतरला, तोही उसन्या स्लेजवर. वय १६. तिथपासून २०१८ च्या प्याँगचांगपर्यंत सलग सहा ऑलिम्पिक! २०११ साली आशियाई विजेतेपद. २०१४ ला भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित होती, म्हणून सोचीत तिरंग्याशिवाय उतरला. अर्जुन पुरस्कार मिळाला २०२० साली, निवृत्तीनंतर.

आपल्याकडे ल्यूजचा ऑलिम्पिक दर्जाचा ट्रॅकच नाही. स्लेजला चाकं लावून तो हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, गाड्या नि मेंढ्या चुकवत सराव करायचा. लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मला मात्र खटकते. सर्व्हर बंद पडला आणि एखाद्याने स्वतःच्या लॅपटॉपवर सिस्टिम चालवून दाखवली तर आपणही टाळ्या वाजवतो. पण दुसऱ्या दिवशी नवा सर्व्हर मागवतो ना? इथे वीस वर्षं नुसत्या टाळ्याच. आणि वर विचारायचं, ३४ वा का आला?

असो. हे सगळं आठवायचं कारण वेगळंच.

गेल्या रविवारी मामा आले होते. मामेभाऊ तलवारबाजी खेळतो, सरावासाठी पहाटेची लोकल पकडतो. मामा म्हणाले, "तू इंजिनिअर, तुझं ऐकेल तो. समजाव जरा." मी त्याला विचारलं, "यात मेडलचा चान्स आहे का रे?" तो गप्प बसला. मग मी म्हटलं, "आधी डिग्री घे."

सल्ला चुकीचा होता असं आजही वाटत नाही. प्रश्न मात्र चुकला. सराव कुठे करतोस, मास्क कोणाचा वापरतोस, पासचे पैसे कोण देतं, हे मी विचारलंच नाही. काल फोन करून विचारलं. मास्क उसना आहे म्हणाला.