हेरल्डची जादा पत्ती



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर जुन्या गाड्यांचे फोटो फिरत होते, तेव्हा मीही आमच्या स्टँडर्ड हेरल्डचा एक टाकला. कौतुक झालं, बरं वाटलं. पण तीन-चार तरुण मंडळींनी एकच प्रश्न विचारला, "काका, सस्पेन्शन अपग्रेड केलंत का? थोडी खाली घ्या, कडक स्प्रिंगा टाका, रस्त्याला चिकटून पळेल." दोन ओळींत उत्तर देणं जमेना म्हणून हे लांबण लावतोय. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांचा वेळ वाचेल. जुनी गाडी कडक केली की सुधारते, हा समज चुकीचा आहे. अशाच एका 'सुधारणे'पायी आमच्या घरात एका माणसावर पन्नास वर्षं ठपका राहिला.

ज्यांना हेरल्ड आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं. ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ कंपनीची गाडी, 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीत तयार होऊ लागली. आकार इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरचा. पुढचं सगळं बॉनेट मडगार्डांसकट उचललं जायचं, इंजीन पूर्ण उघडं. 1962 मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली, तिचं पुढचं-मागचं सस्पेन्शन हेरल्डवरूनच घेतलेलं. त्यामुळे मी आमच्या गाडीला स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण म्हणतो. आमची सौ. खटारा म्हणते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1967 साली घेतली. अण्णा वकील. आमचं बिऱ्हाड कुतबीगुड्यात, मूळ गाव उदगीर. निजामाच्या राज्यात सगळं एकच होतं, 1956 नंतर गाव महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडे राहिलो, ही कथा आपल्यापैकी निम्म्या घरांची आहे. वर्षातून तीन-चारदा झहीराबाद, बिदरमार्गे उदगीरला फेरी व्हायची. येताना डिकीत जोंधळ्याचं पोतं, मागच्या सीटवर आई, आत्या आणि तुपाची बरणी. अण्णा नेहमी म्हणायचे, "जाताना ही गाडी नाचते, येताना शहाण्यासारखी वागते." आम्ही हसायचो. त्यात यंत्रशास्त्र दडलंय हे मला पंच्याहत्तरीच्या तोंडावर कळलं.

गाडी जरा बसल्यासारखी दिसू लागली, खड्ड्यात खालून घासायला लागली, म्हणून 1973 च्या उन्हाळ्यात अण्णांनी ती मेकॅनिककडे दिली. (नाव सांगत नाही, माणूस प्रामाणिक होता.) तो म्हणाला, "साब, कमान में एक पत्ती और डाल देते, गाड़ी उठ जाती." अँबॅसडर म्हणा, फियाट म्हणा, ट्रक म्हणा, सगळ्यांना हेच औषध. गाडी खरंच दोन इंच उठली. अण्णा खूश. आई मात्र पहिल्याच फेरीत म्हणाली, "कंबर मोडली हो."

त्याच पावसाळ्यात दादा एकटाच उदगीरला निघाला, आईला आणायला. गाडी रिकामी. सदाशिवपेठ सोडल्यावर एका वळणावर समोर बैलगाडी आली, दादाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि गाडीचा मागचा भाग असा काही वर आला आणि बाजूला गेला की ती कडेच्या चरात आडवी झाली. दादाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो शेवटपर्यंत सांगत राहिला की वेग पंचेचाळीस मैलांवर नव्हता. अण्णांनी ऐकून घेतलं नाही. तीन हजार रुपये दुरुस्तीला गेले, पण त्याहून वाईट म्हणजे किल्ली पुन्हा कधी दादाच्या हातात दिली नाही. पाहुण्यांसमोर "आमचे फिरोज इराणी" म्हणून चेष्टा. दादा पुढे नागपूरला नोकरीला गेला, आयुष्यभर स्कूटर चालवली, चारचाकी घेतलीच नाही. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो. खरं सांगायचं तर मीही मनातून अण्णांच्याच बाजूचा होतो.

गाडी पुढे बरीच वर्षं शेडमध्ये होती. तीन वर्षांपूर्वी मुलाने मनावर घेतलं. तो गच्चीबावलीला संगणकवाला, पगार चांगला, इंटरनेटवर रात्ररात्र वाचणार. त्याने इंग्लंडहून पुढच्या आखूड, कडक स्प्रिंगा मागवल्या, रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश, आणि कडकपणा कमीजास्त करता येणारे शॉक ॲब्सॉर्बर. मागची कमान मात्र 'आजोबांच्या हातची' म्हणून तशीच ठेवली. गाडी पुढून बसलेली, मागून उठलेली, दिसायला झोकदार. पहिल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. काचीगुड्याहून नारायणगुड्यापर्यंत किती स्पीडब्रेकर आहेत ते मी तोवर कधी मोजले नव्हते. सौ.च्या मणक्याचा जुना त्रास आहे. नारायणगुड्याच्या चौकात ती शांतपणे उतरली, ऑटो केला आणि घरी गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, हँडलिंग हवं असेल तर कम्फर्ट थोडा सोडावाच लागतो."

मी कॉमर्सचा माणूस, बद्रुका कॉलेजचा. जमा दिसली की नावे कुठे पडली ते शोधायची सवय जात नाही. कम्फर्ट नावे टाकला हे दिसत होतं, सौ. ऑटोत बसून गेली होती. पण हँडलिंग जमा झालं का? तुटक्या रस्त्यावर गाडी उड्या मारत होती. चाक हवेत असताना टायर रस्ता धरणार कसा? वळणावर मागचा भाग तसाच बिचकत होता. म्हणजे दोन्ही बाजूंना नावेच.

मग आम्ही वर्कशॉप मॅन्युअल काढलं आणि गाडी जॅकवर चढवून मागची कमान उतरवली. पुस्तकात दाखवल्यापेक्षा एक पत्ती जास्त. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या कमानीतून कापलेली, टोकं हाताने घासलेली. मी तिथेच स्टुलावर बसलो.

आता ते यंत्रशास्त्र, सोपं करून सांगतो. अँबॅसडर, फियाट यांची मागची दोन्ही चाकं एकाच ताठ ॲक्सलवर. गाडी वर उचलली तरी चाकं सरळ उभीच राहतात. पत्ती टाकल्याने धक्के जास्त बसतील एवढंच. हेरल्डचं तसं नाही. तिची कमान आडवी, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, आणि दोन्ही बाजूंचे दांडे मधल्या डिफरेन्शियलपाशीच हलतात. छत्रीच्या काड्यांसारखं समजा. गाडी मागून उठली की चाकं खालच्या बाजूने आत झुकतात, आणि वळणावर बाहेरचं चाक सगळा भार घेऊन आणखी आत घुसू पाहतं. अशा वेळी पाय उचलला की वजन पुढे जातं, मागचा भाग आणखी उठतो, आणि चाक गाडीच्या पोटाखाली दुमडल्यासारखं होतं. मग टायरची फक्त कड रस्त्यावर उरते.

उलट मागे तीन माणसं आणि जोंधळ्याचं पोतं असलं की गाडी बसते, चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि रस्ता घट्ट धरतात. अण्णांचं 'येताना शहाणी' ते हेच. त्या जादा पत्तीने आईच्या कमरेचा आराम घेतला आणि वळणावरची पकडही घेतली. दोन्ही एकाच फटक्यात.

हे काही आमच्याच गाडीचं दुखणं नव्हतं. अमेरिकेत शेवरोले कॉर्वेर नावाच्या गाडीच्या मागच्या चाकांची ठेवण थोडीफार अशीच होती. राल्फ नेडर यांनी 1965 मध्ये 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिलं, त्याचं पहिलंच प्रकरण तिच्यावर आहे. ट्रायम्फवाल्यांनी काय केलं ते आपल्या कडक-स्प्रिंगवाल्या मित्रांनी मुद्दाम लक्षात घ्यावं. 1970 च्या स्पिटफायरमध्ये त्यांनी कमानीची एकच पत्ती घट्ट बांधली आणि बाकीच्या मधोमध डुलत्या ठेवल्या. म्हणजे वळणावर झुकण्यापुरती मागची बाजू त्यांनी मवाळ केली, कडक नाही, आणि पुढे जाड अँटी-रोल बार दिला. आपल्या मद्रासवाल्यांनी तर 1972 मध्ये हेरल्डच्या जागी गॅझेल आणली तेव्हा तो प्रकारच टाकून ताठ ॲक्सल लावला. इथले मालक आणि मेकॅनिक दोघांनाही तो मानवला नव्हता. अण्णांना गॅझेल अजिबात आवडली नव्हती, तो विषय वेगळा.

मुलाने एकदा तोही विचार बोलून दाखवला, ताठ ॲक्सलच बसवून टाकू म्हणून. मी नाही म्हटलं. त्यासाठी चॅसी कापावी लागेल, आणि 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचं तर चॅसी, बॉडी, इंजीन मूळ स्वरूपातच हवं. शिवाय मग ती हेरल्ड राहतेच कुठे?

शेवटी केलं ते अगदी साधं. जादा पत्ती काढली. उरलेल्या पत्त्यांची टोकं साफ करून मधल्या रबरी चकत्या नव्या घातल्या. पुढे मूळ उंचीच्या स्प्रिंगा, बहुतेक ठिकाणी पुन्हा रबराचे बुश. नवे शॉक ॲब्सॉर्बर ठेवले, ते मात्र उत्तम निघाले, पण मुलाने ते जवळजवळ सगळ्यात मऊ टप्प्यावर आणले. टायरमध्ये हवा पुढे कमी, मागे जास्त. अशा गाडीला हा फरक फार लागतो, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखीच भरतो, म्हणून मी गेज जवळ बाळगतो. आता गाडी मागून किंचित बसलेली दिसते. बघणारे सांगतात, "अंकल, कमान बैठ गई." मी मान डोलावतो.

मग आम्ही विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या घाटात गेलो. मुलगा चालवत होता, आम्ही दोघं बरोबर. खड्ड्यात गाडी डुलते, पण धक्का देत नाही, आणि वळणावर मागचा भाग गप्प बसून असतो. सौ. जाताना झोपली, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला नको. मुलाचं म्हणणं, आता पुढे स्पिटफायरचा जाड बार आणि मागे ती डुलती कमान, दोन्ही एकदम घालू. त्याचं कदाचित बरोबर असेल. खर्चावरून आमचं अजून चाललंय.

ती काढलेली पत्ती मी तारेने बांधून ठेवली आहे. त्या रविवारी दादाला नागपूरला फोन केला. त्याला ऐकू कमी येतं, वहिनींनी फोन स्पीकरवर लावला. मी सगळं सांगितलं, दोनदा सांगावं लागलं. दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी पाय उचलला होता रे. ब्रेक नव्हता दाबला." मी म्हटलं, हो, तेच कारण. म्हणाला, "अण्णांना सांगायला हवं होतं." अण्णांना जाऊन एकतीस वर्षं झाली.

दिवाळीनंतर तो पंधरा दिवस इकडे येतोय. गाडी चालवणार का विचारलं तर म्हणाला, लायसन्स कधीच संपलं, शेजारी बसेन. उदगीरपर्यंत जायचा विचार आहे. त्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा जाणकार मेकॅनिक कुणाला माहीत असेल, झहीराबादला किंवा बिदरला, तर खाली जरूर कळवा.