सोनं वेगळं, घडणावळ वेगळी!



सराफाच्या पेढीवर आपल्याला फसवणं सोपं नाही, हे सराफालाही ठाऊक असतं. दोन ग्रॅमचं कानातलं घ्यायचं असलं तरी आपण आजचा भाव विचारतो, वजन डोळ्यांदेखत करून घेतो, हॉलमार्क पाहतो आणि मग विचारतो, "घडणावळ किती लावलीत?" सोनं वेगळं, घडणावळ वेगळी, त्यावरचा कर वेगळा. सगळं मिळून एकच आकडा सांगितला तर "फोड करून सांगा" म्हणायला आपण मुळीच लाजत नाही.

हीच बाई मोटारीच्या शोरूममध्ये गेली, की मात्र कॉफीचा कप हातात घेऊन गप्प बसते. रंग कोणता हवा एवढंच तिला विचारलं जातं आणि तीही तेवढंच सांगते. खरेदी असते सात-आठ लाखांची! घरातल्या कितीतरी दागिन्यांहून मोठी. तरी आपण गप्प का? तर "गाडीतलं आपल्याला काय कळतंय?" अहो, इंजिनातलं नसेल कळत. पण हिशेब तर कळतो ना? आणि शोरूममध्ये फसगत होते ती बहुधा इंजिनात नव्हे, हिशेबातच होते.

आणखी एक कारण मला वाटतं. आपल्या वडिलांच्या पिढीने स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली, तिच्यासाठीही आगाऊ पैसे भरून लोक रांगेत थांबले होते. तेव्हा गाडी 'मिळायची', विकत देणाऱ्याचे उपकार मानून घरी आणायची. आज चित्र उलटं आहे. चौकाचौकात शोरूम आहेत, चौकशी केली की दिवसाला चार फोन येतात. पण उपकार मानायची आपली सवय काही गेलेली नाही.

आता आमच्या घरचंच सांगते. आमची जुनी गाडी अकरा वर्षांची झाली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना रिक्षात चढणं जमेना, म्हणून पाडव्याला नवी घ्यायची ठरलं. निम्मे पैसे ह्यांच्या बचतीतले, काही कर्ज आणि दीड लाख माझे. शाळेतल्या अर्धवेळ नोकरीतून सहा वर्षं साठवलेले. त्यामुळे मी वही-पेन घेऊनच गेले होते.

विक्रीला असलेला मुलगा बोलायला गोड. पण बोलत होता तो सगळं ह्यांच्याशी. "सर, मायलेज असं आहे, सर, पिकअप बघा." माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, डिकी मोठी आहे हं, बाजाराच्या पिशव्या मस्त बसतील." किंमत विचारली तर आपल्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिलं, 'ऑन-रोड ८,५५,०००'. मी म्हटलं, "याची फोड करून द्या. छापील कागदावर, तारीख आणि शिक्क्यासह." त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. कागद यायला पाऊण तास लागला!

तो कागद असा होता. एक्स-शोरूम किंमत ७,१२,०००. आरटीओचा कर आणि नोंदणी ८०,०००. विमा ४१,०००. हँडलिंग चार्जेस ८,५००. 'आवश्यक' ॲक्सेसरीजचा संच १२,९००. फास्टॅग ६००. आता यातल्या सोनं कोणतं आणि घडणावळ कोणती, ते एकेक करून पाहू.

एक्स-शोरूम किंमत हे सोनं. ती कंपनी ठरवते, जीएसटी तिच्यातच धरलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. म्हणून कुणाकडचं जुनं दरपत्रक प्रमाण मानू नका, त्याच आठवड्याचं कोटेशन घ्या.

रस्ता कर सरकारचा. आपल्या राज्यात तो गाडीच्या किमतीवर टक्केवारीने, एकरकमी भरायचा असतो. पेट्रोल, डिझेल, सीएनजी यांचे दर वेगवेगळे. यात घासाघीस नाही. पण सरकारी पावती मागायची आणि कोटेशनमधल्या आकड्याशी जुळवून पाहायची. जास्त घेतलेले पैसे परत मागणं हा आपला हक्क आहे. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर एक टक्का टीसीएसही घेतात. तो बुडत नाही. ज्याच्या नावाचं बिल, त्याला प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याचं श्रेय मिळतं.

विमा ही मोठी घडणावळ! शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती कुणालाही करता येत नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, म्हणून तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तो एकेक वर्षाचा घेता येतो. मी गाडीची तीच किंमत धरून, तीच कलमं घालून दुसऱ्या कंपनीकडून दर मागवला. २९,५०० आला. म्हणजे साडेअकरा हजारांचा फरक. मात्र स्वस्त दिसला म्हणून लगेच घेऊ नका. गाडीची विमा किंमत कमी धरली असेल किंवा झीज न कापता भरपाई देणारं कलम गाळलं असेल, तरी आकडा कमीच दिसतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "बाहेरून विमा घेतलात तर डिस्काउंट मिळणार नाही." घाबरू नका. डिस्काउंट किती ते लेखी मागा आणि विम्यातल्या फरकाशी ताडून पाहा. जे मोठं, ते घ्या. भाजीच्या हिशेबाइतकंच हे सोपं आहे.

हँडलिंग चार्जेस कशाचे? "गाडी आणायचा, धुवायचा, ठेवायचा खर्च," असं मला सांगण्यात आलं. पण एक्स-शोरूम या शब्दाचा अर्थच शोरूममध्ये विक्रीसाठी उभ्या असलेल्या गाडीची किंमत असा आहे. साडीच्या दुकानात साडी कपाटातून काढून दाखवल्याचे पैसे कुणी मागतं का? मी एवढंच म्हटलं, "हे कोणत्या नियमाने, ते पावतीवर लिहून द्या." तो आत जाऊन आला आणि ती ओळ खोडली गेली.

ॲक्सेसरीजचं तसंच. सीट कव्हर, मॅट, कडेच्या पट्ट्या, चकाकीचं कोटिंग सगळं एकत्र बांधलेलं. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं ग्राहक संरक्षण कायद्याला मान्य नाही. आम्ही फक्त १,९०० रुपयांच्या मॅट घेतल्या.

सगळे मिळून एकतीस हजार कमी झाले. माझ्या अर्धवेळ नोकरीचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार! पण हे सुखासुखी झालं नाही बरं का. शेवटी तो मुलगा म्हणाला, "मग पाडव्याची डिलिव्हरी जमणार नाही, सर. वेटिंग आहे." हे माझ्या कानाशी म्हणाले, "जाऊ दे ना, सणाला कशाला खोटी?" सासूबाईंनी तर गाडीसाठी तोरणही आणून ठेवलं होतं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण साडेतीन मुहूर्तांपैकी एक चुकला म्हणून गाडी काही अपशकुनी होत नाही. घरी मी सासूबाईंना दोन्ही कागद वाचून दाखवले. दोन दिवस त्या गप्प होत्या, मग म्हणाल्या, "एकतीस हजार म्हणजे माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघतील." गाडी पाडव्यानंतर चार दिवसांनी आली.

आता कर्जाचं. इथे तर नीट कान देऊन ऐका. शोरूममध्ये सांगतात, "फक्त सहा टक्के!" विचारायचं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी सहा टक्के फ्लॅटने घेतलं, तर व्याज होतं दीड लाख आणि हप्ता १०,८३३ रुपये. बँकेने नऊ टक्के सांगितले, पण घटत्या शिलकीवर, तर हप्ता १०,३७९ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार. ऐकायला सहा स्वस्त, द्यायला नऊ स्वस्त! कारण फ्लॅटमध्ये आपण मुद्दल फेडत जातो, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावरच चालू राहतं. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याने सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर दाखवणारं एक पत्रक द्यावंच लागतं. ते हातात आल्याशिवाय सही करायची नाही.

जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर आधी बाहेर दोन ठिकाणी तिची किंमत करून घ्या. एक्स्चेंज बोनस मोठा दाखवून मूळ किंमत कमी धरण्याची पद्धत आहे, तेव्हा दोन्हींची बेरीज पाहा. जुन्या विम्यावर नो क्लेम बोनस साठला असेल तर तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की तो नव्या गाडीला लावता येतो. आणि आरटीओच्या नोंदीतून आपलं नाव निघाल्याची खात्री करून घ्या. नाव तसंच राहिलं आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईसाठी नोटीस आपल्याच दारात येते.

आता थोडक्यात, पण महत्त्वाचं:

• बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यातच भरा, विक्रेत्याच्या फोनवर नाही. बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळतील, ते पावतीवर लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला २०१७ पासून बंदी आहे.

• गाडीची नोंदणी होण्याआधी, दिवसाउजेडी, ती स्वतः पाहून या. एकदा नाव लागलं की "ही नको, दुसरी द्या" म्हणणं अवघड होतं. रंगावरचे ओरखडे, काचा, टायर, स्टेपनी, किलोमीटरचा आकडा, सगळं बघा. सणाच्या गर्दीत, हार घालून उभ्या केलेल्या गाडीत काहीच दिसत नाही.

• गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते विचारा. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म नंबर २१ वर, ते लिहिलेलं असतं. डिसेंबरमध्ये सूट मोठी मिळते, पण जानेवारीत ती गाडी 'गेल्या वर्षीची' होते. पुढे विकताना हे आठवेल.

• गाडीवरचा चॅसी नंबर बिलावर आणि विम्यावर तोच आहे ना, ते अक्षर अन् अक्षर ताडून घ्या. दोन्ही किल्ल्या आणि वॉरंटीचं पुस्तक मागून घ्या. आता नंबरप्लेट लावल्याशिवाय नवी गाडी ताब्यात देता येत नाही, तेव्हा "पाटी नंतर या घ्यायला" हे चालवून घेऊ नका.

एवढं करूनही अन्याय झालाच, तर आधी शोरूमच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर तिथे शुल्कही लागत नाही, आणि त्याहून महागाची असेल तरी फारसं नाही. पण तिथे तोंडी शब्दाला किंमत नसते. म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवा.

त्या विक्रेत्या मुलावर माझा राग नाही. त्याचा पगार बेताचा, डोक्यावर महिन्याचं टार्गेट. विमा, कर्ज, ॲक्सेसरीज यातूनच शोरूमची कमाई होते आणि त्याला त्यासाठीच बसवलेलं असतं. तेव्हा आवाज चढवण्याची गरज नाही. हसतमुखानेच विचारायचं, पण उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं. आणि घरातल्या पुरुषमाणसांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवायचं, "तुम्ही गाडी चालवून बघा, कागद मी बघते." ह्यांना तर आता हे फारच सोयीचं वाटायला लागलंय!

तुमच्या शहरात तुम्हाला काय अनुभव आले, कोणती नवी 'घडणावळ' लावली गेली, ते मला जरूर कळवा. आणि तुमच्या घरी या दसऱ्याला गाडी येणार असेल, तर हे पान कापून वहीत ठेवा आणि वही पर्समध्ये. रंग काय, कोणताही छानच दिसतो!