उद्यानाचे फाटक कोणासाठी?

बदलापूर गाव व कुळगाव मिळून जी नगरी झाली, तिची लोकसंख्या 2001 साली सुमारे 98 हजार होती. 2011 च्या जनगणनेत ती 1 लाख 74 हजारांवर गेली. ही वाढ प्रामुख्याने मुंबईत घर न परवडलेल्या श्रमिकांची व कनिष्ठ मध्यमवर्गीयांची आहे. मुंबईपर्यंतचे सुमारे 68 किलोमीटरचे अंतर रोज लोकलने कापणाऱ्या या माणसाने घटकाभर बसावे कोठे, हा प्रश्न चैनीचा नव्हे.

मोकळी जागा मुळीच सोडली जात नाही असे नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावर 10 टक्के जागा मनोरंजनासाठी ठेवावी लागते. परंतु ती हिरवळ संकुलाच्या भिंतीआड जाते आणि दारावर पहारेकरी बसतो. उलट, सर्वांसाठी आरक्षित केलेली जमीन 10 वर्षांत संपादन झाली नाही, तर 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 127 अन्वये मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षणच गळून पडते. या दिरंगाईचा लाभ कोणाला होतो, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही.

यातून जे उद्यान वाचते, त्याच्या फाटकाशी दुसरी चाळण लागते. आपल्या गावोगावच्या उद्यानांत दुचाकी शिरू नये म्हणून बसविलेल्या नागमोडी लोखंडी नळ्या चाकाच्या खुर्चीलाही अडवितात. घरकाम करणाऱ्या बाईला उसंत मिळते ती दुपारी; नेमके तेव्हाच टाळे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सार्वजनिक वास्तू सुगम करण्यास दिलेली 5 वर्षांची मुदत 2022 सालीच संपली. हे निकष केवळ शिफारशी राहून चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बजावले. एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार आणि रुंद फाटक आराखड्यातच धरले, तर खर्च किरकोळ. मागाहून तोडफोड करावी लागली तरच तो वाढतो.

मुंबई कायदेमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला. तरी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी 1927 साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. जातीचा तो विटाळ आणि ही बेपर्वाई एक नव्हेत. कागदावरचे खुलेपण आणि प्रत्यक्षातले खुलेपण यांतील अंतर मात्र ओळखीचे आहे.

कार्यकर्त्यांनी विकास योजनेचा नकाशा मिळवून आरक्षणांच्या तारखा प्रथम तपासाव्यात. नव्या उद्यानाची निविदा निघण्यापूर्वी तिचा आराखडा दिव्यांगांच्या व घरकामगार स्त्रियांच्या सभेपुढे मांडण्याची मागणी नगरपरिषदेकडे करावी. दुपारी फाटक उघडे ठेवण्याची मागणी तर आजच करता येईल. तिला एका राखणदाराच्या पगाराहून अधिक खर्च नाही.